खरखर माझी नव्हती

आधी ऐकून घ्या, मग काय ती शिवी द्या. मी वायर आहे. दोन टोकांना दोन सोनेरी पिना आणि मध्ये हातभर काळी लांबी, एवढाच माझा संसार. एक पिन गाण्याच्या डबीत, दुसरी गाडीच्या टेपात. डबी गाते, टेप ओरडतो, आणि मधलं सगळं वाहणं माझ्याकडे. गाणं चांगलं वाजलं की लोक म्हणतात टेप भारी आहे. खरखर आली की म्हणतात वायर गेली. मधल्या माणसाचं तुमच्याकडेही असंच होत असेल, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा कारंज्याच्या बसस्टँडजवळ मोबाइलच्या एका दुकानात खिळ्याला टांगलेली होते. दिवसभर एसटीची धूळ खायची आणि कोणी हात लावला की वाटायचं, चला, आता निघायचं. सहा महिने कोणी नेलं नाही. मला एका जागी स्वस्थ राहवत नाही, हा माझा जुना दोष. करंट नसला तरी माझ्या अंगात काहीतरी चुळबुळत असतं.

शेवटी किशननं मला सोडवलं. शेलूबाजारजवळच्या तांड्यातला हा पोरगा ऊसतोडीहून घरी परतत होता. बापाच्या जीपसाठी त्यानं अंगठ्याएवढी गाण्याची डबी घेतली आणि तिच्यासोबत मला. डबी गाणी वाजवायची आणि वरचं बटण दाबलं की समोरचा आवाजही भरून घ्यायची. किशनचा बाप गोविंदसिंग शेलूबाजार ते कारंजा काळी-पिवळी चालवतो. त्याच्या टेपात माझी पिन बसली आणि पहिलं गाणं माझ्यातून गेलं, तेव्हा मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मागं बारा माणसं, टपावर कापसाची गाठोडी, आणि मी रस्ताभर गात. ते दिवस बरे होते.

पण माणसाचं मन किती दिवस एका वस्तूवर टिकतं? वर्षभरात टेपाला पेनड्राइव्ह आला आणि डबीसकट माझी रवानगी समोरच्या कप्प्यात झाली. तिथं सुटे पैसे, पाना, अर्धी सुपारी आणि कोणाची तरी विसरलेली चप्पल. एकच चप्पल. दोन वर्षं मी तिच्याशी बोलून काढली.

त्या दोन वर्षांत एक गोष्ट घडली, ती नीट लक्षात ठेवा. एकदा उतारावर जीपचा ब्रेक गेला. माणसं भरलेली गाडी घसरत जाऊन एका बाभळीला टेकली आणि थांबली. कोणाला खरचटलंही नाही. गोविंदसिंगची बायको सुंदरबाई, तिनं पोहरादेवीला जाऊन सेवालाल महाराजांचा फोटो आणला. चौकटीत लाल दिवा, मागं काडेपेटीएवढी डबी. तिनं बोलून टाकलं की गाडीची चावी फिरली की महाराजांपुढं दिवा लागेल, आणि चावी आहे तोवर तो विझणार नाही. गोविंदसिंगनं दातानं वायरी सोलल्या आणि दिव्याच्या वायरी टेपाच्या वायरींना पिळून दिल्या. वरून काळी पट्टी. त्या दिवसापासून त्या दिव्याला कोणी बोट लावलं नाही.

आता रेणूकडे येते. रेणू किशनची धाकटी बहीण. यंदा तिचं लग्न किन्हीराजाला ठरलं. आणि घरातल्या सगळ्यांना माझी आठवण झाली.

का, ते सांगते. ह्या लोकांत नवरी घर सोडताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि गाण्यातच रडायचं. बापाचं वेगळं, आईचं वेगळं, भावाचं वेगळं, दारातल्या गाईचंही वेगळं. तांड्यातल्या सगळ्या पोरींना तो हिरीबाई शिकवायची. म्हातारी कोणाची सख्खी लागत नव्हती, पण सगळे तिला हिरीयाडी म्हणत. याडी म्हणजे आई. मागच्या वर्षी तिला लकवा मारला. एक बाजू गेली आणि आवाज पार गेला. ती दवाखान्यात असताना रेणूच्या मैत्रिणीचं, हेमलाचं लग्न झालं. हेमला ढावलो न म्हणताच गेली. डीजे वाजत होता, त्यात तिचं रडणंही कोणाला ऐकू आलं नाही. माहेरी आली की ती अजून सांगते, गळ्यात काहीतरी अडकून राह्यलं. रेणूनं ते मनाला लावून घेतलं. तिला तसं जायचं नव्हतं.

आणि हिरीबाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. डबी नवी असताना किशननं एका दुपारी लिंबाखाली तिचा पूर्ण ढावलो भरून घेतला होता.

डबी बाहेर निघाली. बॅटरी मेलेली. चार्जर लावला तरच चालायची. आत खोल कुठंतरी हिरीबाईचा आवाज होता, पण डबी लांब ठेवून भरलेला, बारीक. डबीचं कॉम्प्युटरचं टोक तुटलेलं, त्यामुळे आवाज दुसरीकडे काढता येईना. मोबाइलवर भरून पाहिला तर डास गुणगुणल्यासारखा आला. कानात हेडफोनच्या बोंड्या घालून रेणूनं ऐकलं, तर शब्द अर्धेच लागले; शिवाय ढावलो एकटीनं शिकायची चीज नाही. चार बाया गळ्यात गळा घालून बसतात, एकीची ओढ दुसरी उचलते, तेव्हा तो अंगात शिरतो. हिरीबाईला ऐकायलाही जरा कमी यायचं. चुकलं की हात दाबून थांबवायला ती तर हवीच. म्हणजे मोठा आवाज हवा. तांड्यात ब्लूटूथचे दोन डबे होते, एकाचं पिनेचं भोक बुजलेलं आणि दुसऱ्याला भोकच नाही. राहिली गोविंदसिंगची जीप. लग्नाला नऊ दिवस होते.

पहिल्या दुपारी जीप लिंबाखाली उभी केली. पुढच्या सीटवर हिरीबाई, मागं रेणू, सुंदरबाई आणि शेजारच्या दोघी. मला कप्प्यातून काढून पुसलं. माझा जीव सुपाएवढा झाला. डबीला गाडीतला चार्जर लावला, चावी फिरली, डबी लागली आणि हिरीबाईचा आवाज माझ्यातून वर आला. बाया पुढं सरकल्या. तीन-चार क्षण, बस. मग खर्रर्र सुरू झालं. गरम तव्यावर पाणी टाकत राहावं तसं, आणि थांबेचना. आवाज वाढवला की खरखरही वाढे. म्हातारीचा आवाज त्यात बुडून गेला.

गोविंदसिंग म्हणाला, "वायर गेली बाप्पा."

झालं! माझी पिन काढली, फुंकली, पँटीला घासली, पुन्हा घातली. डावीकडे पिळलं, उजवीकडे पिळलं, मध्ये वाकवून रबर बांधलं. मी आतून ओरडत होते. अरे, करंट माझ्या अंगातून जातो, मला कळणार नाही तर कोणाला कळेल? ती खरखर त्या लाल दिव्याच्या मागच्या डबीतून येत होती. तिची थरथर टेपाच्या वायरीत, तिथून चार्जरमध्ये, चार्जरमधून गाण्याच्या डबीत आणि मग माझ्यात. दिवा पेटायला तीन-चार क्षण घेतो, तेवढंच गाणं स्वच्छ. इतकं सरळ होतं. पण वायरीला तोंड असतं, जीभ नसते.

दुसऱ्या दिवशी जीप शेलूबाजारला प्रसेनजितच्या दुकानात गेली. हायवेच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे त्याचं. माणूस हुशार आणि घाई न करणारा. त्यानं पहिलं काम काय केलं, तर मला काढून नवी वायर लावली. खर्रर्र. तेवढीच, तशीच! त्या क्षणी मी बोनेटवर पडल्या पडल्या इतकी खूश झाले की काय सांगू. पण माझी माफी कोणी मागितली नाही. नवी वायर परत खिळ्याला गेली, मी परत भोकात.

मग त्यानं चार्जर उपसला. खरखर बंद, आवाज स्वच्छ. मिनिटभरात डबीनं मान टाकली. नवा चार्जर लावला, पुन्हा खर्रर्र. किशननं आपली पॉवरबँक लावून पाहिली. डबी इतकं कमी करंट ओढायची की पॉवरबँकेला वाटायचं काही लागलंच नाही, आणि ती आपली आपण बंद व्हायची. प्रसेनजितनं टेप बाहेर ओढला, अर्थिंगचा बोल्ट खोलला, खालचा रंग खरवडून पुन्हा कसला. खरखर चार आणे कमी झाली. तो खाली वाकून टेपाच्या मागं बघत राहिला. मग त्याचं बोट काळ्या पट्टीवर गेलं. मी श्वास रोखला, म्हणजे वायर जेवढा रोखू शकते तेवढा.

"दादा, ह्या दिव्याले करंट कुठून घेतला?"

"त्याले हात नको लावू," गोविंदसिंग म्हणाला. "ते तुह्या वहिनीचं हाये."

बोल ना रे बाबा, बोल! पण प्रसेनजितनं बोट मागं घेतलं. दुसऱ्याच्या देवाचा दिवा, आपण कायले काढायला लावा, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याच्या दुकानात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यावरची माळही तो दुसऱ्या कोणाला काढू देत नाही. भला माणूस आहे तो. पण त्याच्या भलेपणानं आमचे चार दिवस खाल्ले.

त्या चार दिवसांत काय काय झालं ते ऐका. कोणी सांगितलं की इंजिन बंद ठेवा, तर बंद ठेवून पाहिलं. कोणी सांगितलं वरून मोबाइलच्या टॉवरचं येतं, म्हणून गाडी ओढ्यापलीकडे नेली. कोणी म्हणालं नजर लागली. मग माझ्यावरच लिंबू-मिरची बांधली, त्याचा रस पिनेत उतरला आणि मला दिवसभर खाज. रोज दुपारी बाया बसायच्या, आणि रेणू खरखरीतून शब्द वेचायची. बापाचं कडवं हाती लागलं, आईचं अर्धं. भावाचं कडवं संपलं की पुढं नुसतीच खर्रर्र. तिथं काय आहे ते कोणालाच कळेना. सुंदरबाई म्हणाली, संपलं असन तिथं. हिरीबाई चांगल्या हातानं जोरात नाही म्हणायची.

आणि हिरीबाई! आवाज गेल्यापासून तिला ऐकण्याशिवाय उद्योग नव्हता. त्या कमी कानांनीही तिनं ते तीन-चार क्षण पकडले होते. पहिल्यांदा चावी फिरली तेव्हाच तिची नजर दिव्यावर गेली होती, मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं हात उचलून फोटोकडे दाखवलं. मी म्हटलं, जिंकलो. सुंदरबाईनं लगेच डोक्यावर पदर घेतला, घरातून नारळ आणला आणि जीपच्या बंपरवर फोडला. खोबऱ्याचा तुकडा हिरीबाईच्या हातावर ठेवला. म्हातारीनं तो तुकडा आणि सुंदरबाई, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग गप खाल्ला.

पाचव्या दिवशी तिनं पुन्हा दाखवलं. ह्या वेळी अगरबत्तीचा पुडा आला. गाडीत इतका धूर झाला की शेजारची बाई खोकत खाली उतरली. सहाव्या दिवशी दाखवलं, तर सुंदरबाईनं रडत रडत नवस बोलला की पोरीचा ढावलो नीट झाला तर मी पायी पोहरादेवीला जाईन. हिरीबाईनं डोळे मिटून घेतले. मला तिच्या जागी जाऊन ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडण्याची तिची आणि माझी सोय सारखीच होती.

लग्नाला तीन दिवस राहिले. घरासमोर मांडवाचे बांबू येऊन पडले. त्या दुपारी रेणू मागं बसली, पण तिच्या अंगात जीव नव्हता. टेप लागला, तीन-चार क्षण आवाज आला आणि खर्रर्र. तिनं कानांवर हात ठेवले. घरात ही माणसं आपल्या गोरमाटी बोलीत बोलतात, मी तुम्हाला कळेल असं सांगते. ती म्हणाली, "मी नाई म्हनत. हेमला गेली तसा मुकाट्यानं जातो मी बी." आणि हमसून हमसून रडायला लागली. सुंदरबाई तिला थोपटायला वळली.

तेवढ्यात हिरीबाईनं चांगला हात कपाळाला लावून महाराजांना नमस्कार केला. मग तोच हात चौकटीच्या मागं घातला, वायर मुठीत धरली आणि उपसली.

दिवा विझला. दारापाशी उभा असलेला गोविंदसिंग एक पाऊल पुढं आला. सुंदरबाईचा हात तोंडावर गेला. आणि माझ्यातून हिरीबाईचा आवाज निघाला. तीन वर्षांपूर्वीच्या दुपारचा, लिंबावरच्या कावळ्यासकट. इतका साफ की मागं कोणी तरी भाकर थापत होतं, तेही ऐकू येत होतं. तिचा आवाज उंच चढायचा, तिथं किंचित फाटायचा आणि फाटलेलाच खाली यायचा. स्वतःचा आवाज ऐकून म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिनं ते पुसलं नाही. मी थरथरत होते, पण माझ्या गाण्यात थरथर नव्हती.

सुंदरबाई खाली उतरली आणि घरात गेली. मला वाटलं, आता भांडण होणार. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती आणि ताटलीत तेलाचा दिवा. ती पुढच्या सीटच्या कडेला टेकली आणि दोन्ही हातांनी तो दिवा महाराजांपुढं धरून बसली.

"महाराजाले अंधारात नाई ठेवत मी," ती म्हणाली. "लाव रे पुन्हा पयल्यापासून."

पहिल्यापासून लागलं. बापाचं झालं, आईचं झालं, भावाचं झालं. आणि मग ती जागा आली जिथं रोज नुसती खर्रर्र असायची. तिथं गाणं नव्हतंच. हिरीबाई थांबली होती. दम घेतल्याचा आवाज आला. मग ती साध्या बोलण्यात म्हणाली, "इथून पुढं माहं नाई. इथं तुहं तू म्हन, पोरी."

एवढंच होतं. रेणूनं ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. सुंदरबाईचे हात भरून आले तरी तिनं दिवा खाली ठेवला नाही. त्या तीन दिवसांत रोज असंच चाललं. रेणू शिकायची, हिरीबाई चुकीवर हात दाबायची आणि सुंदरबाई दिवा धरून बसायची. शेवटच्या दिवशी प्रसेनजित आपणहून आला. त्यानं दिव्याला सरळ बॅटरीवरून वेगळी लाइन काढून दिली आणि महाराजांचा दिवा पुन्हा लागला, बिनखरखरीचा. पैसे विचारले तर म्हणाला, लग्नाचं जेवण घाला. जाताना मला हलकेच गुंडाळत गोविंदसिंगला म्हणाला, "वायर चांगली होती दादा." आयुष्यात माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं ते तेवढंच.

डबी मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी कायमची बंद पडली. तिचं काम झालं होतं. माझं काय करायचं, ते कोणालाच कळेना. लग्नाच्या दिवशी रेणूच्या पेटीची कडी तुटली आणि घाईत गोविंदसिंगला दोरी सापडेना. त्यानं मला कडीतून ओवलं आणि दोन गाठी मारल्या. म्हणून मी तिच्या ढावलोला हजर होते, पेटीवर, अंगणाच्या कडेला.

रेणूनं डीजे बंद करायला लावला. मग बापाच्या गळ्यात पडली. मग आईच्या, मग किशनच्या. त्या उंच जाणाऱ्या ओढीवर आजूबाजूच्या बाया आपोआप जवळ सरकल्या. गर्दीत हेमला उभी होती, ती तर रेणूच्याही आधी रडायला लागली. भावाचं संपलं आणि रेणू थांबली. सगळ्यांना वाटलं, झालं. ती चालत खाटेवर बसलेल्या हिरीबाईकडे गेली, तिच्या गळ्यात हात टाकले आणि स्वतःचं म्हणायला लागली. याडी, साऱ्या तांड्याच्या पोरींना तू आवाज वाटून दिलास, स्वतःसाठी ठेवलाच नाहीस. आता मी वेशीपर्यंत गेले, तर मला हाक कशानं मारशील?

हिरीबाईनं तोंड उघडलं. आतून आवाज आला, शब्द नाही, सूर नाही, नुसती घोगरी खरखर. पण ती रेणूसाठी होती. इतके दिवस खरखरीच्या नावानं शिव्या खाल्लेली मी, ती खरखर थांबू नये असं मला वाटत होतं.

आता मी किन्हीराजाला आहे, रेणूच्या पेटीवर. नवऱ्यानं नवी कडी आणून दिली, ती तशीच कागदात पडून आहे. लुगडं काढायचं झालं की रेणू माझ्या दोन गाठी सोडते आणि पुन्हा मारते. माझ्या पिना काळ्या पडल्यात. आतलं तांबं अजून चुळबुळतं, करंट मागतं. कधी वाटतं, कोणी तरी येईल, मला उचलेल, एखाद्या टेपात घालेल. मग पुन्हा वाटतं, जाऊ दे.

परवा दुपारी रेणूच्या नणंदेची पोरगी निता पेटीशी येऊन बसली. तिला ढावलो ऐकायचा होता. रेणूनं दार लोटून घेतलं, पोरीला जवळ ओढलं आणि सुरुवात केली. बापाचं म्हटलं, आईचं म्हटलं, भावाचं म्हटलं. पोरगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मी ताणून राहिले होते, कुठं अडकते का म्हणून. कुठंच अडकली नाही. मध्ये मी नव्हते, तरी आवाज पोचत होता.

मग रेणू थांबली. निता म्हणाली, पुढचं?

रेणू माझ्या गाठीशी चाळा करत होती. ती म्हणाली, "पुढचं माह्यापाशी नाई. इथं तुहं तू म्हन."